दुसऱ्या प्रयोगाचं बोला

मार्च उजाडला की आमच्या भागात दोन गोष्टी हमखास येतात. पाण्याचे टँकर आणि नाट्यलेखनाची कार्यशाळा. टँकर उन्हाळ्यामुळे येतो. कार्यशाळा 31 मार्चमुळे येते.

मी तहसील कचेरीत तीस वर्षं कारकुनी केली आहे, त्यामुळे हे गणित मला कुणी समजावून सांगायला नको. निधी पडून राहिला की परत जातो आणि परत गेला की पुढच्या वर्षी कात्री लागते. म्हणून वर्षभर ज्यांना नाटकाची आठवण होत नाही त्यांना 20 मार्चच्या सुमाराला ग्रामीण भागातून नाटककार घडवण्याची उबळ येते. तेव्हा आमची पोरं परीक्षेला बसलेली असतात, मास्तर पेपर तपासत असतात आणि बाकीचं गाव गहू-हरभऱ्याच्या काढणीत असतं. पण कागदावर चाळीस प्रशिक्षणार्थी दिसले पाहिजेत, उपस्थितीपत्रकावर चाळीस सह्या पाहिजेत आणि बॅनरखाली चाळीस डोकी उभी करून काढलेला फोटो पाहिजे. एका वर्षी डोकी कमी पडली तेव्हा तालुक्यातल्या अंगणवाडी ताईंना निरोप गेला. बिचाऱ्या पोषण आहाराची बैठक समजून नोंदवह्या घेऊन आल्या होत्या.

त्या वर्षीचे मार्गदर्शक पहाटे देवगिरी एक्सप्रेसने उतरले. माणूस वाईट नव्हता, हे आधीच सांगतो. त्यांनी तीन दिवसांत नाट्यलेखनाचा अडीच हजार वर्षांचा इतिहास उरकला. भरतमुनी सकाळी, ॲरिस्टॉटल जेवणाआधी आणि ब्रेख्त आमटीभात खाऊन पेंगणाऱ्या चाळीस जणांना. तिसऱ्या दिवशी दुपारी त्यांनी सगळ्यांना एकेक प्रसंग करून दाखवायला सांगितलं. आम्ही हौशी मंडळी पुढे सरसावलो आणि नेहमीचं रडगाणं केलं. मग एक ताई उठली. तिने खुंटीला काटा अडकवल्यासारखं केलं, त्याला झोळी बांधली आणि झोळीत मूल ठेवलं. मूल नव्हतंच, पण तिच्या मनगटाला त्याचा भार कळत होता. काट्यावर आकडा बघितला. नोंदवहीकडे बघितलं. पुन्हा काट्याकडे. मग मागे वळून कुणी बघत नाही ना याची खात्री केली आणि झोळीला एक बोट लावून ती हलकेच खाली ओढली. वहीत वजन लिहिलं. पोराला उचलून आईच्या हातात दिलं आणि हसली.

दोन मिनिटांचा खेळ. एक शब्द नाही. सभागृहातला पंखा ऐकू यायला लागला.

मार्गदर्शक उठून उभे राहिले. “वा! हेच, हेच लिहा! हे तुमच्या मातीतलं आहे!” त्यांनी तिच्याबरोबर फोटो काढून घेतला. संध्याकाळी समारोप झाला, शाल झाली, श्रीफळ झालं, अधिकाऱ्यांचं भाषण झालं आणि रात्रीच्या देवगिरीने ते परत गेले. ताई खुर्च्या उचलायला थांबली होती. मला म्हणाली, “भाऊसाहेब, ते लिहा म्हणले. पण लिहून कुठं द्यायचं?”

या एका प्रश्नाचं उत्तर मराठी रंगभूमीच्या विकासाच्या नावाने खुर्च्या अडवून बसलेल्या एकाही माणसाकडे नाही. माझ्याकडेही तेव्हा नव्हतं.

मातीचं कौतुक एकदा बंद करा, अशी माझी हात जोडून विनंती आहे. माती आमच्याकडे मुबलक आहे. काळी आहे, भुरकी आहे, पावसाळ्यात गुडघ्यापर्यंत येते. वानवा आहे ती संध्याकाळी सात ते दहा तालमीला मिळेल अशा खोलीची. वानवा आहे ती लिहिलेलं वाचून “इथे दुसरा अंक बसलाय, उठव त्याला” असं तोंडावर सांगणाऱ्या माणसाची. आणि सगळ्यात मोठी वानवा दुसऱ्या प्रयोगाची आहे. पहिला प्रयोग आम्हाला सगळे देतात. दुसरा कुणी देत नाही. आणि नाटक दुसऱ्या, पाचव्या, अकराव्या प्रयोगात घडतं, हे ज्याने आयुष्यात एकदा विंगेत उभं राहून प्रॉम्प्टिंग केलंय त्यालाही ठाऊक आहे.

मराठी नाटकाचा जन्म दादरला झाला नाही. शिवाजी मंदिराच्या पायऱ्यांवर तर नाहीच नाही. 1843 साली सांगलीत विष्णुदास भाव्यांनी ‘सीतास्वयंवर’ केलं, म्हणून आपण 5 नोव्हेंबरला रंगभूमी दिन साजरा करतो आणि मुंबई-पुण्यात एकमेकांना हार घालतो. भाव्यांच्या पाठीशी सांगलीचे चिंतामणराव पटवर्धन उभे होते. त्यांनी भाव्यांना तीन दिवस ॲरिस्टॉटल शिकवला नाही. काम दिलं, आश्रय दिला, खेळ उभा करायला अवसर दिला. 1851 साली चिंतामणराव गेले, दरबाराचा हात आखडला आणि भावे खेळ घेऊन दौऱ्यावर निघाले. 1853 मध्ये मुंबईत पोचले. म्हणजे प्रादेशिक नाटककार विकास योजनेचा पहिला लाभार्थी विष्णुदास भावे, आणि निधी बंद पडल्यामुळे मुंबई गाठावी लागलेला पहिला लाभार्थीही तोच. तेव्हापासून आजपर्यंत योजनेत फारसा बदल झालेला नाही. फक्त चिंतामणरावांचा भाग गाळला आहे.

गाळला म्हणतो, पण मध्ये एकदा कुणीतरी तो भरून काढायचा प्रयत्न केला होता. पुण्याची थिएटर अकॅडमी. ‘घाशीराम कोतवाल’ 1972 च्या डिसेंबरात रंगमंचावर आलं आणि 19 प्रयोगांनंतर ते करणाऱ्या संस्थेनेच थांबवलं. करणारी पोरं बाहेर पडली आणि 1973 साली त्यांनी अकॅडमी काढली. दुसऱ्या प्रयोगासाठी, किंवा हिशेबाने सांगायचं तर विसाव्या प्रयोगासाठी काढलेली ही संस्था. तिने हट्ट धरला नसता तर ‘घाशीराम’ आज नाट्यशास्त्राच्या पुस्तकात तळटीप होऊन पडलं असतं. याच अकॅडमीत 1985 ते 1994 या काळात सतीश आळेकरांनी दोन योजना चालवल्या. एक नाटककारांच्या विकासाची, दुसरी प्रादेशिक नाट्यगटांच्या विकासाची. महाराष्ट्रभरातून उमेदीचे लेखक आणि नाट्यसंस्था निवडायच्या, त्यांना प्रशिक्षण द्यायचं आणि नव्या नाटकांची निर्मिती करायला बळ द्यायचं. लक्षात घ्या, लेखक एकटा नाही, त्याच्याबरोबर गटही. हे सुचायला स्वतः नाटककार असावं लागतं. आळेकर तेव्हा बी. जे. मेडिकल कॉलेजात बायोकेमिस्ट्रीचं काम सांभाळून नाटक करत होते. नोकरी करून नाटक लिहिणं म्हणजे काय, हे त्यांना कुणी अहवालातून कळवलेलं नव्हतं.

आणि पैसे कुणाचे? फोर्ड फाउंडेशनचे. अमेरिकेचे!

साडेसाती कुणाची, दान कुणाचं! मराठवाड्या-विदर्भातल्या पोरांनी नाटक लिहावं म्हणून न्यूयॉर्कहून पैसे आले आणि इथल्या साखरसम्राटांना, शिक्षणमहर्षींना, सहकारी बँकांना, गणपतीत नटनट्यांच्या सुपाऱ्या उधळणाऱ्या दादा-भाऊंना नऊ वर्षांत एकदाही लाज वाटली नाही. 1994 ला योजना आटोपली. तो धागा पुढे न्यायला कुणी सरसावलं असेल तर ते माझ्या दारापर्यंत काही पोचलेलं नाही. माझं दार तसं आडबाजूला आहे, हे खरं.

फोर्डचे पैसे शेजारच्या कर्नाटकातही आले होते. शिवमोग्गा जिल्ह्यात, सागर तालुक्यात हेग्गोडू नावाचं सुपारीच्या बागांतलं गाव आहे. तिथे के. व्ही. सुब्बण्णांनी 1949 साली नीनासम ही नाट्यसंस्था काढली. 1980 मध्ये नाट्यशाळा सुरू केली, 1985 मध्ये ‘तिरुगाट’ नावाची फिरती नाटकमंडळी. दरवर्षी नवी नाटकं बसवायची आणि ती घेऊन कर्नाटकभर फिरायचं. सुब्बण्णांना 1991 ला मॅगसेसे मिळालं, पण ते सोडा. मला हेवा वाटतो तो तिरुगाटच्या गाडीचा. तिथल्या नटाला एकच नाटक कारवारला, बळ्ळारीला, मंड्याला करायला मिळतं आणि प्रत्येक ठिकाणी प्रेक्षक वेगळ्या जागी हसतो. परदेशी पैसे थांबले, गाडी थांबली नाही. आमच्याकडे गाडी घ्यायच्या आधीच तिच्या पूजेचे पैसे संपतात.

आता मला सांगतील की राज्य नाट्य स्पर्धा आहे ना. आहे, आणि तिच्याबद्दल वाईट बोलायला जीभ रेटत नाही. महाराष्ट्र राज्य जन्माला यायच्या आधीपासून ती चालू आहे. अमरावतीचा, जळगावचा, रत्नागिरीचा हौशी कलावंत आजवर तगून राहिला तो तिच्या जिवावर. मी स्वतः बावीस वर्षं तिच्यात नाचलो आहे. पण साठ वर्षांहून अधिक काळ एकच औषध चालू असेल तर रोग कुठपर्यंत आलाय हे कधीतरी बघायला हवं की नको?

स्पर्धेचं नाटक असं जगतं. ऑगस्टमध्ये संहिता शोधायची, सप्टेंबरात तालमी. संध्याकाळी सातनंतर, कारण पोरं दुकानातून, बँकेतून, शेतातून सुटतात तेव्हा. टेम्पोत सोफा, दोन लेव्हल, उसन्या आणलेल्या झालरी आणि चौदा माणसं घालून केंद्रावर जायचं. दुपारी सेट लावायचा, दिवे लावायचे, आणि नाट्यगृहाचा इलेक्ट्रिशियन जेवायला गेला असेल तर देवाचं नाव घ्यायचं. तिसरी घंटा. मधल्या रांगेत टेबल, टेबलावर कागदाने झाकलेला दिवा, दिव्याखाली तीन परीक्षक आणि तीन पाण्याच्या बाटल्या. बाकी सभागृहात पुढच्या दिवशी ज्यांचा प्रयोग आहे ते लोक आणि आमच्या बायका. पडदा पडतो. रात्री बारापर्यंत सेट उतरवायचा. आणि त्याच रात्री ते नाटक मरतं. पहिलं आलं तर अंतिम फेरीत आणखी एकदा जगतं. नाही आलं तर सोफा ज्याचा त्याच्या घरी, झालरी ज्याच्या त्याच्या संस्थेत आणि संहिता माळ्यावर. बावीस वर्षांत मी एकोणीस नाटकं केली. त्यातल्या सोळांचा प्रत्येकी एक प्रयोग झाला. माझ्या घरात ढाली आहेत, करंडक आहेत. बायको दिवाळीला चिंचेने घासते. पण मी नाटककार आहे की नाही हे मला आजही माहीत नाही, कारण माझं नाटक पैसे देऊन तिकीट काढलेल्या अनोळखी माणसासमोर किती टिकतं, हे बघायची वेळच फारशी आली नाही.

यातून आम्ही काय शिकलो? तीन माणसांसाठी लिहायला. आमचाही दोष आहे आणि तो मी झाकणार नाही. निळा प्रकाश, मधोमध लोंबणारा दोर, एक वेडसर म्हातारा जो खरं बोलतो, धुरात हळूहळू चालणारं कोरस आणि शेवटी शेतकऱ्याची आत्महत्या. ज्या वर्षी पीक बुडतं त्या वर्षी केंद्रावर पाच नाटकांत पाच जण गळफास घेतात. माझ्या स्वतःच्या सख्ख्या चुलत्याने विष घेतलं होतं. तरीही मी त्यावर नाटक लिहिलं तेव्हा दोराला पिवळा स्पॉट द्यायचा की पांढरा, यावर आम्ही चार रात्री भांडलो. बक्षीस प्रकाशयोजनेला मिळालं.

आणि भाषा! आमच्याकडे माणूस “जायलो” म्हणतो, “काय करायलास” म्हणून विचारतो. एका स्पर्धेनंतर एका परीक्षकांनी मला बाजूला घेऊन प्रेमाने सांगितलं की संवादांना ग्रामीण बाज कमी पडतोय, “जायलो” कानाला खटकतं, त्याजागी “जातुया” करून बघा. म्हणजे परभणीच्या माणसाने खेडवळ वाटण्यासाठी कोल्हापूरच्या चित्रपटातल्या पाटलासारखं बोलायचं! मी “बघतो” म्हणालो. घरी येऊन रात्रभर चिडलो. आणि पुढच्या वर्षी, खोटं कशाला बोलू, दोन ठिकाणी “जातुया” लिहिलं.

विकास म्हणतात तो हा.

बरं, एखाद्याने यातूनही काही भलं लिहिलंच तर त्याचं काय होतं? त्याचं आरक्षण होतं. देवगिरीचं किंवा नंदीग्रामचं, मुंबईच्या बाजूचं. औरंगाबादेत ‘जिगीषा’ नावाची पोरांची संस्था होती. चंद्रकांत कुलकर्णी, प्रशांत दळवी आणि त्यांचे सवंगडी. ती मंडळी मुंबईला गेली आणि त्यांनी मराठी नाटकाला पुढची तीस वर्षं पुरेल एवढं काम दिलं. त्यांना मी दोष देत नाही, देणारा मी कोण? पण 1994 सालचा एक योग बघा. नाटककार एलकुंचवार नागपूरचे, जन्म यवतमाळ जिल्ह्यातल्या पारव्याचा. त्यांच्या ‘वाडा चिरेबंदी’पासूनच्या तीन नाटकांतला वाडा विदर्भातल्या धरणगावचा. तिन्ही नाटकं सलग उभी करणारा दिग्दर्शक, हाच चंद्रकांत कुलकर्णी, औरंगाबादचा. आणि तो आठ-नऊ तासांचा ऐतिहासिक प्रयोग केला कुणी? मुंबईच्या ‘आविष्कार’ने. आविष्कारचे उपकार आहेत, शंकाच नाही. पण गोष्ट आमची, माणसं आमची, घालायची भाकरी मात्र दादरच्या तव्यावर, असं का? आमच्याकडे तवा नाही म्हणून.

एलकुंचवार स्वतः नागपूर सोडून गेले नाहीत, ही मात्र मला फार मोठी गोष्ट वाटते. जालना जिल्ह्यातल्या जांबसमर्थचे राजकुमार तांगडे शेती करतात आणि नाटक लिहितात. त्यांचं ‘शिवाजी अंडरग्राउंड इन भीमनगर मोहल्ला’ 2012 मध्ये आलं आणि मुंबई-पुण्याच्या प्रेक्षकाने खुर्चीत सावरून बसून पाहिलं. नाशिकचे दत्ता पाटील नाशकातच राहून पाण्याच्या टँकरची वाट पाहणाऱ्या गावावर ‘हंडाभर चांदण्या’ लिहितात. ही नावं घेऊन कार्यक्रमात आम्हाला सांगितलं जातं: बघा, जमतं की नाही? जमतं हो. विहिरीत पडलेला एखादा माणूस कपारी धरून वर आला म्हणून विहिरीला कठडा नको, असं कुणी म्हणतं का?

तरी आमच्याच राज्यात एक कोपरा असा आहे जिथे कुणीही विकास केला नाही आणि नाटक जोरात आहे. झाडीपट्टी. गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा, गोंदिया. वडसा म्हणजे देसाईगंज ही तिची राजधानी. दिवाळी झाली की नाटकं सुरू होतात ती होळीपर्यंत. दिवसा शंकरपट म्हणजे बैलांच्या शर्यती, रात्री नाटक, जेवणं झाल्यावर पडदा उघडतो आणि पहाटे कोंबड्याबरोबर पडतो. गावातलं मंडळ कंपनी ठरवतं, मांडव घालतं, तिकीट विकतं. पाहुणेरावळे त्या दिवशी येतात, लेकी माहेरी येतात, सोयरिकी जुळतात. तिथे एका नाटकाचा दुसरा प्रयोग मागायला जावं लागत नाही. दुसऱ्या गावचं मंडळ स्वतः येऊन उभं राहतं. तिथल्या नटाला, परशुराम खुण्यांना, 2023 मध्ये पद्मश्री मिळाली तेव्हा कुठे शहरातल्या पेपरांनी नकाशात कुरखेडा शोधलं. मी एका थंडीत तिथे रात्र काढली आहे, घोंगडी पांघरून. नाटक भडक होतं, मधेच नाच होता, खलनायक माइकला चिकटून ओरडत होता. पण अंकाच्या शेवटी सासूने सुनेला घराबाहेर काढलं तेव्हा माझ्या पुढची म्हातारी उठून उभी राहिली आणि तिने सासूला शिवी घातली. नट अर्धा क्षण थांबला, म्हातारीकडे बघितलं आणि पुढच्या वाक्याला वेगळीच धार लावली. हे शिक्षण कुठल्या कार्यशाळेत मिळतं? आणि आपले विद्वान या सगळ्याला लोककलेच्या कप्प्यात टाकून मोकळे होतात, कारण नाटक म्हटलं तर बरोबरीने बसवावं लागेल.

आमच्याकडे मराठवाड्यात तो मांडव नाही. नाट्यगृहं आहेत. म्हणजे इमारती आहेत. त्यांत सत्कार होतात, मेळावे होतात, वरसंशोधन होतं. कुठे एसी बंद, कुठे डिमर जळालेला, कुठे स्वच्छतागृहाला कुलूप. कोल्हापूरसारख्या नाटकवेड्या शहरात शाहू महाराजांच्या काळातलं, 1915 चं केशवराव भोसले नाट्यगृह 2024 च्या 8 ऑगस्टला जळालं, केशवरावांच्या जयंतीच्या आदल्या रात्री. लोक रस्त्यावर उभे राहून रडले. निदान त्यांच्याकडे रडण्यासारखं काही होतं. आमच्या तालुक्याच्या सभागृहाला आग लागली तर मंगल कार्यालयवाले तेवढे सुस्कारा सोडतील.

शासन व्यावसायिक नाटकांना प्रयोगामागे अनुदान देतं. द्यावं. निर्माता बुडू नये, याबद्दल दुमत नाही. पण ज्याचं नाटक आधीच उभं आहे त्याला प्रयोगामागे पैसे आणि ज्याचं उभं राहायचं आहे त्याला टोपी, टॉवेल, प्रमाणपत्र? तिकीट लावून गावात नाटक करायचं म्हटलं तरी संहिता आधी परिनिरीक्षण मंडळाकडून पास करून आणायची. तपासायला यंत्रणा आहे, वाचायला नाही. माझी संहिता आजवर सरकारी माणसाने वाचली ती आक्षेपार्ह शब्द शोधण्यासाठी. दुसरा अंक बसलाय हे त्याच्याही लक्षात आलं असेल, पण त्याचा शेरा मारायला रकाना नव्हता.

मी काय मागतोय? फार नाही. तीन दिवस येणारा मार्गदर्शक नको, वर्षातून चार वेळा येणारा द्या आणि चारही वेळा तोच द्या. पहिल्यांदा त्याने नुसतं वाचावं, दुसऱ्यांदा आमच्याच नटांकडून वाचून घ्यावं, तिसऱ्यांदा तालमीत बसून तोंड फिरवावं, चौथ्यांदा प्रयोगाला प्रेक्षकांत बसावं. आणि तो मुंबईचाच असला पाहिजे असं कुठे लिहिलंय? नांदेडला दत्ता भगतांनी ‘वाटा-पळवाटा’ लिहिलं, विद्यापीठात शिकवलं, पिढी घडवली. असे वडीलधारे प्रत्येक जिल्ह्यात आहेत, त्यांच्याकडे पोरं पाठवा आणि त्यांना प्रवासखर्च द्या. लेखकाला दुसरा खर्डा लिहायचे पैसे द्या. पहिला तो खाज म्हणून फुकट लिहितोच. जिल्हा परिषदेच्या शाळेची एक खोली रात्री दहापर्यंत उघडी ठेवा, वीजबिल आम्ही भरू. आणि केंद्रावर जी नाटकं बरी ठरतात, पहिली नव्हे, बरी, त्यांतल्या पाचांना शेजारच्या पाच जिल्ह्यांत पाच-पाच प्रयोग द्या. टेम्पोचं भाडं आणि नटांचं जेवण. एका साहित्य किंवा नाट्य संमेलनाच्या मांडवाला जेवढी झालर लागते तेवढ्यात हे सगळं बसतं. त्या झालरीची बिलं मी कचेरीत माझ्या डोळ्यांनी पाहिली आहेत.

हे होणार नाही, हेही मला कळतं. कारण याचा फोटो निघत नाही. दुसरा खर्डा लिहिणाऱ्या माणसाच्या मागे बॅनर लावता येत नाही आणि त्याचं उपयोगिता प्रमाणपत्र 31 मार्चच्या आत जोडता येत नाही.

म्हणून आम्ही वाट बघायचं सोडलं. त्या अंगणवाडी ताईला मी चार दिवसांनी निरोप पाठवला की लिहून माझ्याकडे द्या. तिने नोंदवहीच्या मागच्या कोऱ्या पानांवर लिहून आणलं, अकरा पानं. पुढची दोन वर्षं आम्ही दर गुरुवारी, बाजाराचा दिवस म्हणून ती तालुक्याला यायची तेव्हा, माझ्या घराच्या ओसरीवर ते वाचलं, फाडलं, पुन्हा लिहिलं. अकराची चौसष्ट पानं झाली. स्पर्धेत उतरवलं. परीक्षक म्हणाले, विषय चांगला, पण रंगमंचावर फार काही घडत नाही. नंबर आला नाही. त्यांचं निम्मं खरं होतं. दुसरा अंक खरंच बसला होता. तिने तो उन्हाळ्यात परत लिहून काढला. आता त्यात दोर नाही, धूर नाही आणि “जातुया” तर औषधालाही नाही.

दुसरा प्रयोग पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, करीला, रात्री साडेआठ वाजता, आमच्या मार्केट यार्डातल्या लिलावाच्या शेडमध्ये आहे. वर पत्रे आहेत, पाऊस आला तर संवाद ऐकू येणार नाहीत, मग थांबू आणि पुन्हा सुरू करू. तिकीट पन्नास रुपये. सतरंजी आमची, डास तुमचे. मुंबईहून येणाऱ्यांना देवगिरी सोयीची आहे, आणि परतीचं आरक्षण त्याच रात्रीचं करू नका. प्रयोगानंतर ताईला तुमच्याशी बोलायचं आहे.